लँडस्टॉकर जुन्याच मशीनवर खेळायचाय: सोलापुरातून सारखे येणारे प्रश्न

माझ्याकडं सेगाचं जुनं मेगा ड्राइव्ह, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, आहे आणि त्यावर मी लँडस्टॉकर पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलो हे एकाला कळलं, त्याच्याकडनं दुसऱ्याला, आणि आता आठवड्याला दोन-तीन तरी मेसेज येतात. नव्या पेठेत भेटलेला माणूस विचारतो, गड्ड्याच्या जत्रेत भेटलेला विचारतो, पुण्याला गेलेले सोलापूरकर रात्री अकराला फोन करतात. तेच ते प्रश्न असतात म्हणून एकदा बसून सगळ्यांची उत्तरं लिहून काढली. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय आला की तिथं नंबर दिलाय, तो बघा.

१. अण्णा, हा लँडस्टॉकर म्हणजे नेमका काय गेम आहे? आम्ही तर नावच ऐकलं नाही.

क्लायमॅक्स एंटरटेनमेंट या जपानी कंपनीनं बनवलेला आणि सेगानं काढलेला अ‍ॅडव्हेंचर गेम, जपानात १९९२ ला आला आणि बाहेरच्या देशांत १९९३ ला. हिरोचं नाव नायजेल, वय ८८, पण तो एल्फ जमातीतला असल्यामुळं दिसायला तरणा पोरगा, आणि धंदा काय तर खजिने शोधायचे. त्याला फ्रायडे नावाची एक छोटी परी भेटते, तिच्यामागं केयला नावाची बाई आणि तिची दोन माणसं लागलेली असतात, कारण नोल राजाचा खजिना कुठंय ते त्या परीला माहीत आहे. मग नायजेल आणि ती एका मोठ्या पक्ष्यावर बसून मर्केटर बेटावर जातात आणि तिथनं गेम सुरू.

सगळा गेम तिरक्या कोनातनं दिसतो. जमीन म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराच्या फरश्या, आणि त्यावर घरं, जिने, खड्डे, हलणारे चौथरे. या पद्धतीला बनवणाऱ्यांनी डीडीएस ५२० असं नाव दिलं होतं, त्यातला पहिला डी डायमंडचा, म्हणजे आपली शंकरपाळीच. लेव्हल वाढवणं, पॉइंट गोळा करणं असलं काही नाही. लाइफ स्टॉक नावाची वस्तू सापडली की आयुष्य वाढतं, त्यामुळं कोपरान् कोपरा बघायची सवय लागते.

२. एवढा चांगला आहे तर आपल्याकडं कुणालाच कसा माहीत नाही?

कारण आपल्या लहानपणी घराघरात जे होतं ते निन्टेंडोच्या मशीनची नक्कल होती, तो मीडियाचा व्हिडिओ गेम आणि त्याबरोबरची ९९९९ गेमची कॅसेट, ज्यात खरे गेम मोजकेच निघायचे. सेगाची मशीन नव्वदीच्या मध्यात शॉ वॉलेस कंपनीनं भारतात आणली, पण ती महाग, आणि असले मोठे गेम इथं फार कमी आले. ज्यांच्याकडं मेगा ड्राइव्ह होतं ते पण सोनिक खेळायचे, नाहीतर मारामारीचे गेम.

बाहेरच्या देशांत पण याच्यावर निन्टेंडोच्या झेल्डा गेमची सावली पडली. लोक याला सेगाचा झेल्डा म्हणायचे आणि तुलना करून सोडून द्यायचे. मला ती तुलनाच पटत नाही, झेल्डात तुम्ही वरनं बघता, इथं उंची हाच सगळा खेळ आहे, दोन्हीचा अभ्यास वेगळा.

३. मोबाईलवर फुकटात चालतोय की, मग जुनं मशीन, जुना टीव्ही एवढा पसारा कशाला?

खेळायचाच असेल आणि मशीन नसेल तर दुसऱ्या मार्गानं खेळा, न खेळण्यापेक्षा ते कधीही चांगलं. सेगानं २०१९ ला काढलेल्या मिनी मशीनमध्ये पण हा गेम आहे, एचडीएमआयवर सरळ चालतो.

पण खऱ्या मशीनवर तीन गोष्टी वेगळ्या पडतात. पहिलं म्हणजे बटण दाबल्यावर उडी तिथल्या तिथं होते, आणि या गेममध्ये अर्ध्या फरशीनं चुकलं की तुम्ही तीन मजले खाली. दुसरं आवाज. मोतोआकी ताकेनोउची यांचं संगीत मशीनच्या यामाहा चिपमधनं येताना जो जाडपणा येतो तो मोबाईलच्या स्पीकरला नाही. आणि तिसरं म्हणजे इथं पाहिजे तिथं सेव्ह करता येत नाही. गावातल्या चर्चमध्ये जाऊनच सेव्ह करायचं, त्यामुळं गुहेतनं जिवंत बाहेर येऊन गावाचं छप्पर दिसलं की जो श्वास सुटतो, तो दर मिनिटाला सेव्ह करणाऱ्याला कधीच कळणार नाही. गेम याच हिशोबानं बांधलाय.

४. मशीन कुठलं घेऊ? मॉडेल १ की मॉडेल २?

दोन्हीवर चालतो. मॉडेल १ म्हणजे मोठं, पुढं हेडफोनचं भोक आणि आवाजाची पट्टी असलेलं. मॉडेल २ छोटं, चौकोनी. मॉडेल १ च्या मागच्या सॉकेटमधनं आवाज एकाच बाजूचा येतो, दोन्ही बाजूंचा पाहिजे तर हेडफोनच्या भोकातनं घ्यायचा. मॉडेल २ मागनंच स्टिरिओ देतं. संगीतासाठी मी मॉडेल १ घ्या म्हणेन, त्यातही ज्याच्या तोंडावर हाय डेफिनिशन ग्राफिक्स असं लिहिलंय ते, पण मॉडेल २ चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर त्यासाठी थांबू नका. नवीन पॅकिंगमधली स्वस्त नक्कल मात्र घेऊ नका, बहुतेकांचा आवाज बेसूर असतो.

५. मशीन अमेरिकेतनं / जपानमधनं आणलंय, अडॅप्टर सरळ बोर्डात लावू का?

नका लावू. हा प्रश्न आला की मी हातातलं काम सोडून आधी फोन करतो.

अमेरिकेचा अडॅप्टर १२० व्होल्टचा, जपानचा १०० चा, आपल्या बोर्डात २३०. लावला की जळला. एक तर स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, नाहीतर, आणि हेच बरं, इथलाच डीसी अडॅप्टर घ्या. मॉडेल १ ला ९ व्होल्ट, १.२ अँपिअर किंवा त्याच्या वर, आणि पिनच्या आत मायनस, बाहेर प्लस. मॉडेल २ ला १० व्होल्ट, ०.८५ अँपिअर, पण पिन बारीक, पिवळ्या टोकाची, आणि तिथं उलटं, आत प्लस. बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर आत प्लसवाले असतात, म्हणजे मॉडेल १ ला चुकीचे, आणि पिन मात्र छान बसते.

माझं तेच झालं. एका दुकानदारानं पिन बसवून बघितली आणि बसतंय की, चालेल म्हणाला, मी घरी येऊन लावला, लाल दिवा लागलाच नाही आणि जळका वास आला. नशीब म्हणून नुसता ७८०५ रेग्युलेटर, म्हणजे आतलं व्होल्टेज कमी करणारा भाग, गेला होता, तो बदलला आणि मशीन उठलं. तेव्हापासून माझा नियम एकच, अडॅप्टर लावायच्या आधी मल्टिमीटरची लाल टोकी पिनच्या आत आणि काळी बाहेर धरायची, आकड्याआधी मायनस दिसला तर आत मायनस आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

६. टीव्ही कुठला पाहिजे? एलईडीवर चालत नाही का?

चालतो, पिवळी-पांढरी पिन जाते. पण बऱ्याच नव्या टीव्हींना जुन्या मशीनचा सिग्नल नीट ओळखता येत नाही, चित्र पसरतं, आणि बटण दाबल्यापासून नायजेल उडेपर्यंत थोडा उशीर होतो. तो उशीर प्रश्न १३ मधल्या उड्यांना मारक आहे.

डबा टीव्ही मिळाला तर सोनं. विजापूर वेशीकडं, भंगाराच्या गल्ल्यांत, नाहीतर नातेवाइकांच्या माळ्यावर अजून निघतात, लोक घेऊन जा म्हणतात. माझा मामांच्या घरातला आहे, वीस इंची, त्याच्यावर मामींनी घातलेला क्रोशाचा रुमाल अजून तसाच आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा, डबा टीव्ही मागनं उघडायचा नाही. बंद करून ठेवला तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा चार्ज साचून राहू शकतो. ज्याला ते काम येतं त्याच्याकडंच न्या.

७. चित्र ब्लॅक अँड व्हाइट येतंय, कधी कधी वर-खाली पळतंय. मशीन गेलं का?

मशीन ठीक आहे, टीव्हीला भाषा कळत नाहीय. आपल्याकडचं प्रसारण पाल पद्धतीच्या सिग्नलचं होतं, अमेरिका आणि जपानची मशीन एनटीएससी पद्धतीची. जुना फक्त-पाल टीव्ही असेल तर रंग जातो. मेनूत कलर सिस्टिम नावाचं काही असेल तर ते ऑटो किंवा एनटीएससी करून बघा, नसेल तर नव्वदीच्या शेवटाकडचा मल्टिसिस्टिम टीव्ही शोधा.

८. मित्राकडं गेम पळतोय, माझ्याकडं रेंगाळतोय. असं का?

तुमचं मशीन पालचं असणार. पाल मशीन सेकंदाला ५० वेळा चित्र काढतं, एनटीएससी ६० वेळा, आणि त्या काळातले बरेच गेम त्याच तालावर बांधलेले, त्यामुळं पालवर सगळं साधारण १७ टक्के हळू, वर-खाली काळ्या पट्ट्या वेगळ्या. बिघाड नाही. काही लोक मशीनमध्ये ५०चं ६० करायचा स्विच बसवून घेतात, चांगला कारागीर असेल तर करा. मी स्वतः पालवर खेळलो आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा खेळणाऱ्याला तो थोडा संथपणा उड्यांसाठी फायद्याचाच पडतो.

९. कॅसेट लागतच नाही, काळी स्क्रीन. फुंकर मारू का?

नका मारू. लहानपणी सगळ्यांनीच मारली, पण तोंडातली वाफ कॅसेटच्या खालच्या धातूच्या दातांवर बसते आणि ते काळे पडतात. फुंकरेमुळं लागली असं वाटतं ते खरं तर काढून परत घातल्यामुळं लागलेली असते.

कापसाची काडी, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि कॅसेटच्या दातांवर एकाच दिशेनं हळू घासायचं. काडी काळी येईल, ती पांढरी येईपर्यंत करायचं. जास्तच डाग असतील तर पांढरा खोडरबर, पण त्याचा भुगा आत राहू द्यायचा नाही.

आपल्या पूर्व भागात राहणाऱ्यांना अजून एक सांगायचंय. खाली यंत्रमाग आणि वर घर असेल तर सुताचं तूस हवेत असतंच. अशोक चौकाजवळच्या एका मित्राचं मशीन उघडलं तेव्हा कॅसेटच्या भोकाशी राखाडी तुसाची अशी नीट घडी बसली होती जसा कुणी टॉवेल कापून ठेवलाय. चिमट्यानं काढली, लगेच चालू. खेळून झालं की भोकावर स्वच्छ कापड टाका, बास.

१०. जपानी कॅसेट स्वस्तात मिळते, ती आपल्या मशीनला बसते का?

जपानी कॅसेटचा आकार वेगळा, कडा गोलसर, त्यामुळं युरोप किंवा अमेरिकेच्या मशीनमध्ये बसत नाही. आणि बसवली तरी सगळं लिखाण जपानीत, हिरोचं नाव पण तिथं राइल. या गेममध्ये गावकऱ्यांशी बोलल्याशिवाय पुढं सरकता येत नाही, तेव्हा ज्याला जपानी येत नाही त्याच्यासाठी ती फक्त कपाटात ठेवायची वस्तू.

युरोपची घेताना पण भाषा विचारा. तिथं इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन कॅसेट वेगवेगळ्या निघाल्या होत्या, वरनं सारख्याच वाटतात. एकानं जर्मनीतल्या मेहुण्याकडनं मागवली आणि घरी आल्यावर कळलं.

११. कॅसेट खरी की डुप्लिकेट कसं ओळखायचं?

बाहेरच्या स्टिकरवर जाऊ नका, ते कुणीही छापतं. उघडून बघा. सेगाच्या कॅसेटला ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रू असतो, त्याचा पाना ऑनलाइन मिळतो, साध्या स्क्रू ड्रायव्हरनं जबरदस्ती करू नका. आत हिरव्या बोर्डावर सेगाचं नाव, नीट चिप, आणि या गेमसाठी एक गोल बॅटरी पाहिजे. चिपच्या जागी काळा डांबराचा ठिपका असेल तर नक्कल. बॅटरीच नसेल तर विकणाऱ्याला विचारा की सेव्ह कसं होतं, आणि त्याच्यासमोर सेव्ह करून, मशीन बंद करून, पाच मिनिटांनी परत लावून दाखवायला सांगा. हा गेम एका बैठकीत संपत नाही, मला पस्तीस तास लागले, सेव्ह नसलेली कॅसेट घेऊन काही उपयोग नाही.

१२. खेळलेलं सगळं दुसऱ्या दिवशी गायब! काय करू?

बॅटरी संपली. कॅसेटमध्ये सीआर२०३२ बॅटरी असते, तीन व्होल्टची, तिच्या जिवावर सेव्ह टिकतो. तीस वर्षं झाली, ती कधीतरी संपणारच, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या माळ्यावर पडलेल्या कॅसेटची लवकर संपते.

बदलता येते. प्रश्न ११ मधल्या पान्यानं उघडा, जुनी बॅटरी सोल्डरिंग आयर्ननं सोडवा, प्लस-मायनस कुठं होतं त्याचा आधी फोटो काढा. नवीन बॅटरी पत्र्याच्या टॅब लावून आलेलीच घ्या. सरळ बॅटरीच्या अंगावर सोल्डर करायला जाऊ नका, गरम होऊन फुटू शकते. आणि चिकटपट्टीनं बसवलेली बॅटरी महिनाभर चालते, मग हलते, मग तुम्ही परत मला मेसेज करता. हात बसला नसेल तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं न्या, त्याला दहा मिनिटांचं काम आहे, फक्त टॅबवाली बॅटरी तुम्ही स्वतः घेऊन जा.

बॅटरी काढली की आतला सेव्ह जातो. त्याचं काय करायचं ते शेवटच्या प्रश्नात.

१३. उडी मारली की दर वेळी बाजूनं पडतो. डोळे खराब आहेत का माझे?

डोळे ठणठणीत आहेत. सगळ्यात जास्त लोक इथंच गेम सोडतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण हे एकदा कळलं की गेम उघडतो.

अडचण अशी आहे की तिरक्या कोनातनं बघताना जवळचा पण उंच चौथरा आणि लांबचा पण बुटका चौथरा स्क्रीनवर एकाच जागी दिसू शकतात. आणि उडताना नायजेलची सावली जमिनीवर पडत नाही, म्हणजे अंदाज घ्यायला काहीच नाही. तर डोळ्यांवर विसंबायचं नाही, पुरावा शोधायचा.

पुरावा म्हणजे कोण कुणाला झाकतंय. हवेत तरंगणारा चौथरा दिसला की उडी मारू नका, आधी त्याच्या खाली, पुढं, मागं चालून बघा. चौथऱ्यानं नायजेलला झाकलं तर नायजेल मागं आहे. नायजेलनं चौथऱ्याला झाकलं तर तो पुढं. जिथं हे बदलतं ती रेघ मनात धरा, चौथरा त्या रेघेवर आहे. हलणारा चौथरा असेल तर तो एखाद्या खांबामागनं जाईपर्यंत थांबा, खांब त्याची जागा सांगून जातो.

मग फरश्या मोजा. आमच्या आजीची चादर होती, सोलापुरीच, लाल-हिरवी, सगळ्या अंगावर चौकटी, आणि लहानपणी झोप येत नसली की मी तिच्यावर बोट ठेवून तिरका तिरका कोपऱ्यापर्यंत जायचो, एक, दोन, तीन. इथं तेच करायचं. नायजेल जिथं उभाय तिथनं तिरकं मोजत चौथऱ्याच्या रेघेपर्यंत जा, त्याच ओळीत आलात का बघा, आणि ओळ जुळली की मगच उडी. भिंत असेल तर तिला घासून चाला, म्हणजे एक दिशा आपोआप पक्की होते आणि फक्त दुसरी सांभाळायची राहते.

पहिल्या दोन गुहांत हे हळू वाटेल. नोल राजाच्या भुलभुलैयात पोचाल तोपर्यंत मोजावं लागत नाही, अंगठ्याला कळतं.

१४. मोजून उडी मारतो तरी नायजेल भलतीकडंच वळतो.

मग रिमोट, म्हणजे हातातलं बटणांचं पॅड, बघा. या गेममध्ये जवळजवळ सगळं चालणं तिरकं, म्हणजे दिशांच्या चकतीवर दोन बाजू एकदम दाबल्या पाहिजेत. दुसऱ्या गेमला ठीक चालणारा जुना रिमोट इथं लगेच पकडला जातो, कारण आतल्या रबराखालची काळी कार्बनची टिकली एका बाजूनं झिजलेली असते. मागचे स्क्रू काढा, रबर आणि बोर्ड दोन्ही अल्कोहोलनं पुसा, निम्मे रिमोट तेवढ्यावर बरे होतात. टिकलीच गेली असेल तर दुसऱ्या मेलेल्या रिमोटचं रबर बसवा.

१५. इकेके म्हणजे काय? किती घेऊन ठेवायचे?

खायची वस्तू, आयुष्य भरून येतं. पण खरी गंमत अशी की नायजेल पडला आणि जवळ इकेके असेल तर फ्रायडे ते वापरून त्याला उठवते. म्हणजे जेवढे इकेके तेवढे जादा जीव. जास्तीत जास्त ९ ठेवता येतात, गुहेत शिरायच्या आधी ९ करूनच शिरा, पैसा वाचवून इथं काही मिळत नाही. पुढं चालता चालता आयुष्य भरणारे हीलिंग बूट पण मिळतात, मग थोडं सैल सोडलं तरी चालतं.

१६. मी अडकलोय, कुठं जायचं तेच कळेना. उत्तर सांगू नका, नुसता इशारा द्या.

साधारण रस्ता असा: मासान, गुमी, मग र्युमा, मग मोठं मर्केटर शहर, तिथनं जहाजानं वर्ला, डेस्टेल आणि शेवटी कझाल्ट.

सुरुवातीला अडकलात तर मासानच्या प्रमुखाची मुलगी फारा कुठं नेली ते गुमीत विचारा. मध्ये अडकलात तर बहुतेक जहाज सुटत नाही हीच तक्रार असते. जहाज कशामुळं थांबलंय? दीपगृह बंद आहे म्हणून. दीपगृहाला काय पाहिजे? सूर्यमणी. तो ग्रीनमेझ नावाच्या जंगलात. एवढं सांगितलं हेच जास्त झालं. ग्रीनमेझमध्ये चौकटीच्या वहीवर नकाशा काढा, मोबाईलवर फोटो काढून काम होत नाही, हातानं काढलेलाच डोक्यात राहतो.

आणि गावात काहीही नवीन घडलं की सगळ्यांशी परत बोला. आपल्याकडं पारावर बसलेल्या माणसाला जे माहीत असतं ते पोलीस पाटलाला नसतं, तसंच इथं आहे.

१७. मे महिन्यात मशीन हाताला चटके देतंय. खेळू की नको?

बाहेर चव्वेचाळीस असताना दुपारी नको. आतला ७८०५ रेग्युलेटर जादा व्होल्टेज उष्णता करूनच घालवतो, मॉडेल १ मध्ये असे दोन असतात, त्यामुळं गरम होणं त्याच्या स्वभावात आहे. मशीन चादरीवर, गादीवर ठेवू नका, फरशीवर किंवा लाकडी पाटावर ठेवा म्हणजे खालनं हवा लागते. मी उन्हाळ्यात रात्री दहानंतर गच्चीचं दार उघडं ठेवून खेळतो.

१८. खेळता खेळता लाईट गेली तर?

शेवटच्या चर्चपासूनचं गेलं एवढंच. पण नेमकं सेव्ह होत असताना गेली तर तो सेव्ह खराब होऊ शकतो. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस असेल तर टीव्ही आणि मशीन त्यावर टाका, चर्चमध्ये जाऊन सेव्ह करण्याइतका वेळ मिळतो.

१९. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला देऊ का?

शेजारी बसणार असाल तर नक्की द्या. वाचायला इंग्रजी बरंच आहे आणि उड्या अवघड आहेत. माझी भाची उड्या मारायची, मी वाचून मराठीत सांगायचो, आणि फ्रायडे काय म्हणाली हे ती मला दोनदा विचारायची.

२०. याचे पुढचे भाग आहेत का?

सरळ पुढचा भाग नाही. त्याच कंपनीचा लेडी स्टॉकर १९९५ ला निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम मशीनवर आला, फक्त जपानात. १९९६ ला सेगाच्याच सॅटर्न मशीनवर डार्क सेव्हियर आला, आणि सेगाच्याच ड्रीमकास्टवरच्या टाइम स्टॉकर्समध्ये नायजेल परत दिसतो. पण चव विचाराल तर प्लेस्टेशनवरचा १९९७ चा अलुंड्रा जवळचा, तो क्लायमॅक्समधनं बाहेर पडलेल्या लोकांनी बनवला. पीएसपीवर लँडस्टॉकर नव्यानं बनवायचं ठरलं होतं, ते रद्द झालं.

२१. जुन्या कॅसेटमध्ये आधीच कुणाचा तरी सेव्ह आहे. बॅटरी बदलताना तो वाचवता येतो का?

येतो. मशीन चालू ठेवून बॅटरी बदलायची युक्ती लोक सांगतात, ती करू नका, हात हलला तर चिप जाते. कॅसेट रीडर नावाचं यूएसबीचं छोटं यंत्र मिळतं, ते कॅसेटमधला सेव्ह कॉम्प्युटरवर फाइल म्हणून उतरवतं आणि नंतर परत लिहितं. बॅटरीत जीव आहे तोपर्यंतच हे जमतं, तेव्हा जुनी कॅसेट हातात आली की पहिलं काम हेच.

माझी कॅसेट शारजाहून आली, चुलतभावानं तिथल्या जुन्या सामानाच्या बाजारातनं उचललेली. लावली तर पहिल्या जागेवर सेव्ह होता. उघडला तर नायजेल मर्केटरच्या चर्चमध्ये उभा, जवळ तीन इकेके. कुणीतरी मुलगा किंवा मुलगी तिथपर्यंत आली होती आणि तिथंच थांबली होती, जहाज सुटलंच नव्हतं. मी तो सेव्ह हलवला नाही, माझा दुसऱ्या जागेवर सुरू केला. बॅटरी मोजली तर २.६ व्होल्ट, कधीही जाईल अशी. पुण्याच्या मित्राचं रीडर येईपर्यंत पाच आठवडे गेले आणि तेवढे दिवस मी कॅसेट खोलीतल्या सगळ्यात थंड कपाटात ठेवली, रोज लावून बघायचा मोह होत असताना लावली नाही. फाइल उतरवली, बॅटरी बदलली, दोन्ही सेव्ह परत लिहिले. मशीन लावलं, पहिली जागा उघडली. मर्केटरचं चर्च, तीन इकेके.